विद्यापीठ आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांची भागीदारी बंधनकारक करारावर उभी असावी का?

चर्चाप्रस्ताव : नगर नियोजनाची अध्यापिका

विद्यापीठे आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांनी एकत्र काम करावे, याविषयी तत्त्वतः फारसे कोणाचे दुमत नसते. सामंजस्य करारावर सह्या होतात, पहिल्या वर्षी एखादे सर्वेक्षण होते, आणि ज्या अधिकाऱ्याने पुढाकार घेतला त्याची बदली झाली किंवा ज्या प्राध्यापकाने विषय लावून धरला तो निवृत्त झाला, की सारे थंडावते. माझे म्हणणे असे आहे की, ही भागीदारी व्यक्तींच्या उत्साहावर न सोडता दीर्घ मुदतीच्या आणि दोन्ही बाजूंना बांधून घेणाऱ्या करारावर उभी करावी. पैसा, माणसे आणि उत्तरदायित्व यांची त्यात लेखी तरतूद असावी. आणि विद्यापीठाने हाती घ्यायचे प्रश्न स्थानिक संस्थेच्या रोजच्या कामकाजातून आलेले असावेत.

अशा बंधनाचे जुने आणि टिकलेले उदाहरण शेतीच्या क्षेत्रात सापडते. अमेरिकेत १८६२ च्या मॉरिल कायद्याने राज्यांना जमिनी देऊन शेतकी व तांत्रिक शिक्षणाची महाविद्यालये उभारण्याची सोय केली. (त्यांतल्या पुष्कळ जमिनी तिथल्या मूळ रहिवासी जमातींकडून घेतलेल्या होत्या, हे विसरून चालणार नाही.) १८८७ मध्ये या महाविद्यालयांना प्रयोग केंद्रे जोडली गेली, तरीही तिथे सिद्ध झालेली गोष्ट शेताच्या बांधापर्यंत पोहोचेना. १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने ही दरी भरून काढण्यासाठी थेट माणूस नेमण्याची वाट धरली. विद्यापीठाशी संलग्न असलेला विस्तार अधिकारी काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या स्थानिक घटकाच्या, ठिकाणी बसू लागला आणि या कामाच्या खर्चात केंद्र, राज्य व काउंटी असा तिघांचाही वाटा पडू लागला. माणूस बदलला तरी जागा आणि तिच्यामागची तरतूद कायम राहते; म्हणूनच शंभराहून अधिक वर्षांनंतरही ही व्यवस्था चालू आहे. काउंटी स्वतःच्या तिजोरीतून पैसे घालते, तेव्हा त्या कामाचा हिशेब मागण्याचा अधिकारही तिला आपोआप मिळतो, ही बाब मला विशेष महत्त्वाची वाटते.

अलीकडचे उदाहरण अमेरिकेतीलच ओरेगन विद्यापीठाचे आहे. २००९ पासून तिथे दरवर्षी एखादी स्थानिक संस्था निवडली जाते; ती आपल्या कामांची यादी देते, खर्चाचा भार उचलते, आणि नियोजन, वास्तुकला, कायदा, व्यवस्थापन अशा विभागांचे नेहमीचेच अभ्यासक्रम त्या वर्षी त्या यादीला जोडले जातात. पहिल्या वर्षी ग्रेशम हे शहर होते, त्यानंतर सेलम. वेगळा विभाग न काढता आहे त्याच अध्यापनातून शहराला मनुष्यबळ मिळते, ही या पद्धतीची जमेची बाजू आहे. मात्र वर्ष संपले की विद्यापीठ पुढच्या शहराकडे वळते, आणि रस्ते, पाणी, घरे यांचे प्रश्न एका वर्षात सुटणारे नसतात.

स्थानिक संस्थांना या मदतीची निकड किती आहे, हे केरळच्या अनुभवावरून कळते. १९९६ मध्ये तिथे लोकनियोजन मोहीम सुरू झाली आणि राज्याच्या योजना खर्चापैकी ३५ ते ४० टक्के रक्कम स्थानिक संस्थांकडे सोपवण्याचे ठरले. गावोगावी आराखडे तयार झाले, पण त्यांची तांत्रिक छाननी करणार कोण, हा प्रश्न लगेच उभा राहिला. तेव्हा निवृत्त अभियंते, डॉक्टर आणि अन्य जाणकार यांचे स्वयंसेवी तांत्रिक दल उभारून ती गरज भागवावी लागली. अधिकार आणि पैसा खाली उतरला की तज्ज्ञता त्याच वेगाने उतरत नाही. ती कायमस्वरूपी पुरवण्याची जबाबदारी विद्यापीठांनी अंगावर घेतली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

म्हणून किमान दहा वर्षांचा करार असावा आणि दोन्ही संस्थांच्या खर्चाने एक कायम पद निर्माण करून त्या व्यक्तीचे टेबल स्थानिक संस्थेच्या कार्यालयात असावे. प्रत्येक पूर्ण झालेल्या अभ्यासावर स्थानिक संस्थेने ठरावीक मुदतीत लेखी उत्तर द्यावे. शिफारशी स्वीकारायच्या नसतील तर नाकाराव्यात, पण कारणे लिहून. शिक्षकांच्या पदोन्नतीत या कामाला शोधनिबंधाइतकेच स्थान मिळावे, कारण एखाद्या तरुण अध्यापकाने दोन वर्षे वस्त्यांमध्ये काम करून तयार केलेला घरांचा आराखडा जर त्याच्या मूल्यमापनात शून्य धरला जात असेल, तर तो तिसऱ्या वर्षी तिकडे फिरकणार नाही, आणि त्याला दोषही देता येणार नाही.

प्रतिसाद : सार्वजनिक आरोग्याचा संशोधक

प्रस्तावामागची कळकळ मला मान्य आहे, पण त्याच्या मूळ गृहीतकालाच माझा विरोध आहे. समाजाला विद्यापीठाचा सर्वांत मोठा उपयोग केव्हा होतो? स्थानिक सत्ता चुकत असते आणि ते सांगण्याची हिंमत दुसऱ्या कोणात नसते तेव्हा. ज्या संस्थेच्या पैशावर आपले पद चालते, तिच्या विरोधात निष्कर्ष जाहीर करणे किती कठीण असते, याचा विचार या प्रस्तावात मला दिसला नाही.

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील फ्लिंट शहराचे उदाहरण घ्या. एप्रिल २०१४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी शहराचा पाणीपुरवठा डेट्रॉइटच्या यंत्रणेवरून फ्लिंट नदीवर वळवण्यात आला आणि नळांची झीज रोखणारी प्रक्रिया त्या पाण्यावर केली गेली नाही. जुन्या शिशाच्या नळांमधून शिसे पाण्यात उतरू लागले. रहिवासी गढूळ पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना जात होते आणि पाणी सुरक्षित असल्याचे त्यांना सांगितले जात होते. २०१५ मध्ये एका आईने केलेल्या पाठपुराव्यामुळे शेकडो मैल दूर असलेल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचे मार्क एडवर्ड्स आणि त्यांचे विद्यार्थी यात उतरले. त्यांनी घरोघरी नमुन्यांचे सुमारे ३०० संच पोहोचवले आणि २५० हून अधिक भरून परत आले. रहिवाशांनी किमान सहा तास नळ न वापरता पहिली बाटली भरायची, मग पाणी थोडा वेळ वाहू देऊन दुसरी आणि आणखी वाहू देऊन तिसरी भरायची, अशी पद्धत होती. नळात रात्रभर साचलेल्या पाण्यात शिसे किती उतरते, हे त्यामुळेच कळले. याउलट सरकारी तपासणीच्या सूचनांमध्ये आदल्या रात्री नळ काही मिनिटे वाहता ठेवायला सांगितलेले होते. म्हणजे जे शोधायचे तेच आधी धुऊन टाकायचे. एवढे करूनही अधिकृत नमुन्यांतले दोन वगळण्यात आले आणि शहराच्या पाण्यातील शिशाचा निर्देशांक एक अब्ज भागांत १८ वरून ११ वर, म्हणजे ज्यापुढे कारवाई करावी लागे त्या १५ च्या पातळीखाली आला.

आता विचार करा : त्या पाणीपुरवठा यंत्रणेशी दहा वर्षांचा करार असलेले आणि तिच्या कार्यालयात ज्याचे टेबल आहे असे एखादे विद्यापीठ तिथे असते, तर त्याने ही मोजणी केली असती का? उघड दडपण क्वचितच येते. पुढच्या वर्षीच्या तरतुदीचा विचार करून अहवालातले एखादे वाक्य लेखकच आधी सौम्य करतो, एखादा तक्ता परिशिष्टात जातो, एखादा प्रश्न विचारलाच जात नाही. विद्यापीठाने स्थानिक संस्थेला मदत जरूर करावी, पण कामापुरती करावी, पैसा तिसऱ्या स्रोतातून घ्यावा आणि हात मोकळे ठेवावेत.

प्रस्तावकर्तीचे उत्तर

फ्लिंटचे उदाहरण आपण दिलेत हे बरे झाले, कारण ते पूर्ण पाहिले तर माझ्याही बाजूने बोलते. तेव्हा शहराचा कारभार निवडून आलेल्या प्रतिनिधींच्या हाती नव्हता. तो राज्यपालांनी नेमलेल्या आपत्कालीन व्यवस्थापकाकडे होता. मार्च २०१५ मध्ये नगर परिषदेने पुन्हा डेट्रॉइटचे पाणी घ्यावे असा ठराव ७ विरुद्ध १ मतांनी केला होता आणि व्यवस्थापकाने तो मानला नाही. वगळलेल्या दोन नमुन्यांचा निर्णयही राज्याच्या पर्यावरण खात्याचा होता. तिथे स्थानिक स्वराज्य संस्था दुबळी केली गेली होती, आणि त्या वेळी तिच्या बाजूने बोट ठेवून आकडे मांडणारा कोणी तज्ज्ञ तिच्याजवळ नव्हता. नगर परिषदेच्या त्या ठरावाला स्वतःच्या विद्यापीठाच्या मोजणीचा आधार असता, तर तो इतक्या सहज बाजूला सारता आला नसता.

दुसरे असे की, सप्टेंबर २०१५ मध्ये मुलांच्या रक्तातील शिशाचे वाढलेले प्रमाण मोना हॅना-अटिशा या बालरोगतज्ज्ञांनी समोर आणले. त्या फ्लिंटमधील हर्ली या सार्वजनिक रुग्णालयात काम करीत होत्या आणि मिशिगन स्टेट विद्यापीठातही अध्यापक होत्या. रुग्णालयाच्या नोंदी त्यांच्या हाताशी होत्या, म्हणून ही तुलना होऊ शकली. बाहेरून आलेल्या पथकाला पाणी मोजता आले. मुलांच्या रक्ताच्या नोंदी आत असलेल्या व्यक्तीलाच वाचता आल्या. शहराचे पाणी ऑक्टोबर २०१५ मध्ये पूर्ववत झाले, ते या दोन्ही पुराव्यांच्या जोरावर.

प्रकाशनाच्या स्वातंत्र्याचा मुद्दा मात्र मी करारातच घालू इच्छिते. निष्कर्ष प्रसिद्ध करण्याचा अधिकार विद्यापीठाकडे राहील आणि स्थानिक संस्थेला फक्त आधी वाचून आपले म्हणणे जोडण्याची संधी मिळेल, असे कलम असावे. करारच नसेल तर हे स्वातंत्र्य लेखी कुठे असणार?

प्रतिसाद : पाणीपुरवठा विभागातील निवृत्त अभियंता

वरील दोन्ही बाजू विद्यापीठाकडून पाहिलेल्या आहेत. मी आयुष्यभर टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलो, म्हणून तिथले थोडे सांगतो. प्रस्तावाला माझा पाठिंबा आहे, पण करार झाला म्हणजे काम झाले, असे कोणी समजू नये.

आमच्याकडे एकदा विद्यार्थ्यांचा एक गट वितरण व्यवस्थेतला पाण्याचा दाब मोजायला आला. मुले हुशार होती आणि मेहनतीही होती. त्यांनी जलकुंभापासून शेवटच्या जोडणीपर्यंत मापे घेतली, नकाशा केला आणि गळतीच्या संभाव्य जागा दाखवल्या. अहवाल हाती आला, तेव्हा अंदाजपत्रक मंजूर होऊन दोन महिने उलटले होते. सुचवलेल्या दुरुस्तीसाठी लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकात खर्चाचे खाते, नव्हते. ते नाही म्हणून तांत्रिक मान्यता नाही, आणि ती नाही म्हणून निविदा नाही. पुढच्या अंदाजपत्रकापर्यंत थांबायचे तर दर बदलतात आणि अंदाज पुन्हा करावा लागतो. तोवर ती मुले पदवी घेऊन निघून गेली होती. फाइल दप्तरी दाखल झाली. कोणाची नियत वाईट नव्हती. शैक्षणिक वर्ष आणि आर्थिक वर्ष एकमेकांना चुकले, इतकेच घडले. तेव्हा करारात पहिले कलम वेळापत्रकाचे हवे. अंदाजपत्रकाच्या विभागवार मागण्या जातात त्याच्या आधी शिफारशी खर्चाच्या आकड्यासह मिळाल्या, तरच त्यांचा उपयोग आहे.

त्याच कामात एक गोष्ट फार चांगली झाली आणि ती कोणत्याही प्रस्तावात लिहिलेली नव्हती. आमच्याकडचे नकाशे जुने होते. कोणता व्हॉल्व्ह कुठे पुरला गेला आहे, रस्त्याच्या थराखाली कोणाचे झाकण गेले आहे, कोणता किती फेरे फिरवला की वरच्या गल्लीला पाणी चढते, हे सारे एका ज्येष्ठ व्हॉल्व्हमनच्या डोक्यात होते. विद्यार्थी त्याच्याबरोबर पहाटे फिरले. तो जागा दाखवायचा, मुले जीपीएसवर खूण करायची आणि फेऱ्यांची संख्या वहीत उतरवायची. तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्या जागी आलेल्या तरुणाला ती वही मिळाली. माझ्या मते त्या अभ्यासाचे सर्वांत मोलाचे फलित तेच होते. पण विद्यापीठाला सादर केलेल्या अहवालात त्याला परिशिष्टातही जागा मिळाली नाही, कारण ते संशोधन मानले जात नाही.

आणखी एक अट घालतो. नकाशा आणि माहिती स्थानिक संस्थेच्या संगणकावर उघडेल अशाच स्वरूपात द्यावी, आणि ती अद्ययावत कशी करायची हे निदान दोन कर्मचाऱ्यांना शिकवल्याशिवाय काम पूर्ण धरू नये. महागड्या सॉफ्टवेअरमध्ये अडकलेला नकाशा विद्यार्थी गेल्यानंतर कोणालाही उघडता येत नाही.

प्रतिसाद : वस्ती पातळीवर काम करणारी कार्यकर्ती

येथपर्यंतच्या चर्चेत भागीदार दोनच आहेत, विद्यापीठ आणि स्थानिक संस्था. ज्यांचे जीवन बळकट करायचे म्हणून हे सारे चालले आहे, ते रहिवासी या करारात कुठेच नाहीत. सार्वजनिक आरोग्याच्या संशोधकांना विद्यापीठ सत्तेपुढे नमेल अशी भीती वाटते. मला त्याहून मोठी भीती वाटते ती दोघांचे एकमत होण्याची.

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात नेमके हेच घडले आहे. १९५९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ, ड्रेक्सेल ही शिक्षणसंस्था आणि शेजारच्या काही संस्थांनी मिळून एक महामंडळ स्थापन केले आणि शहराच्या पुनर्विकास प्राधिकरणाबरोबर परिसराच्या नूतनीकरणाला हात घातला. त्याच वर्षीच्या संघीय गृहनिर्माण कायद्याने विद्यापीठांभोवतीच्या अशा योजनांना आर्थिक बळही दिले होते. ब्लॅक बॉटम नावाची, मुख्यतः कृष्णवर्णीय लोकांची, नांदती वस्ती साठच्या दशकात पाडली गेली आणि हजारो माणसे विस्थापित झाली. करार होता, दीर्घ मुदत होती, निधी होता, तज्ज्ञही होते. प्रस्तावकर्तीने सांगितलेल्या बहुतेक अटी तिथे पूर्ण होत होत्या. फेब्रुवारी १९६९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी तिथल्या कॉलेज हॉल या इमारतीत ठाण मांडले, तेव्हा कुठे विस्थापितांच्या घरांचा प्रश्न चर्चेच्या टेबलावर आला.

पुढे हेच विद्यापीठ बदलले, हेही मी सांगितले पाहिजे. १९९२ मध्ये तिथे समुदाय भागीदारीसाठी केंद्र सुरू झाले, आणि अभ्यासक्रमांना आसपासच्या शाळांमधील प्रत्यक्ष कामाशी जोडण्याची त्याची पद्धत आज जगभर अभ्यासली जाते. २००१ मध्ये विद्यापीठ आणि शहराचे शाळा मंडळ यांनी मिळून एक सार्वजनिक शाळा उघडली. विद्यापीठ तिला प्रत्येक विद्यार्थ्यामागे जादा निधी देते. शाळा उत्तम चालली. पण तिच्या प्रवेशक्षेत्रातील घरांच्या किमती इतक्या चढल्या की, ज्या कुटुंबांच्या मुलांना चांगली शाळा हवी होती त्यांतल्या अनेकांना तिथे राहणेच परवडेनासे झाले. हेतू शुद्ध असूनही हे झाले, कारण शाळेचा विचार करताना घरभाड्याचा विचार कोणी केला नाही. रहिवासी चर्चेत बरोबरीने बसले असते, तर पहिल्याच बैठकीत कोणीतरी घरभाड्याचे काय, हे विचारले असते.

नेदरलँड्समध्ये सत्तरच्या दशकात विद्यापीठांनी विज्ञान दुकाने उघडली होती. प्रश्न घेऊन नागरिकांच्या संघटनांनी यायचे आणि विद्यापीठाने त्यावर संशोधन करायचे. विचारणाऱ्याजवळ संशोधनासाठी पैसे नसावेत, त्याचा व्यापारी हेतू नसावा आणि मिळालेल्या उत्तराचा वापर करण्याची त्याची क्षमता असावी, इतक्याच अटी होत्या. माझ्या मते कोणत्याही कराराचा पाया असा असावा. प्रश्नांची यादी ठरवणाऱ्या समितीत निम्म्या जागा रहिवाशांना द्याव्यात, आणि जिथे जमिनीचा किंवा घरांचा विषय येईल तिथे त्यांची संमती सक्तीची करावी. हे मान्य नसेल तर मला हा करार नको आहे; तो नसलेलाच बरा.

प्रतिसाद : स्थानिक वित्तव्यवस्थेचा अभ्यासक

एक मुद्दा अजून कोणी काढला नाही, तो थोडक्यात मांडतो. अनेक देशांमध्ये विद्यापीठांच्या इमारतींना मालमत्ता करातून सूट असते. शहरातील मोक्याची जमीन त्यांच्या ताब्यात असते. रस्ते, अग्निशमन, सांडपाणी यांचा खर्च मात्र नगर प्रशासन करते, आणि तो भार उरलेल्या करदात्यांवर पडतो. अशा वेळी विद्यार्थ्यांकडून चार सर्वेक्षणे करून देणे ही भागीदारी आहे, असे म्हणणे मला पटत नाही. अमेरिकेतील येल विद्यापीठ आणि ते जिथे आहे ते न्यू हेवन शहर यांच्यात हा वाद अनेक वर्षे चालला आणि २०२१ मध्ये विद्यापीठाने आपले ऐच्छिक योगदान वाढवून सहा वर्षांत एकूण सुमारे १३ कोटी ५० लाख डॉलर देण्याचे मान्य केले. शहराच्या अंदाजपत्रकाला अशा रकमेचा जितका आधार होतो, तितका शंभर अहवालांचा होत नाही.

विद्यापीठाची खरेदी हा दुसरा विषय आहे. इंग्लंडमधील प्रेस्टन नगर परिषदेने सेंट्रल लँकेशायर विद्यापीठ आणि परिसरातील इतर मोठ्या सार्वजनिक संस्थांना आपली खरेदी शक्य तितकी शहरात करायला राजी केले. २०१२-१३ मध्ये या संस्थांच्या खर्चापैकी ५ टक्के रक्कम शहरात राहत होती. २०१६-१७ पर्यंत हे प्रमाण सुमारे १८ टक्क्यांवर गेले. यासाठी नवे संशोधन लागले नाही, निविदांच्या अटी बदलाव्या लागल्या. करार करायचाच असेल तर त्यात ज्ञानाच्या कलमांआधी कर, जमीन आणि खरेदी यांची कलमे असावीत.

प्रस्तावकर्तीचे दुसरे उत्तर

वेळापत्रक, माहितीचे स्वरूप आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण यांविषयी निवृत्त अभियंत्यांनी घातलेल्या अटी मी जशाच्या तशा स्वीकारते. व्हॉल्व्हमनच्या वहीसारखे काम संशोधन मानले जात नाही, ही खंत माझीही आहे, आणि पदोन्नतीच्या निकषांचा आग्रह मी त्यासाठीच धरला आहे.

रहिवाशांच्या निम्म्या जागा मला मान्य आहेत. जमिनीच्या आणि घरांच्या बाबतीत संमती सक्तीची असावी, हेही मान्य आहे. फिलाडेल्फियाचा इतिहास वाचल्यावर त्याला नकार देणे शक्य नाही. मात्र रहिवासी म्हणून कोण बसणार, याची पद्धत आधी ठरली पाहिजे. वस्तीत ज्याचा आवाज मोठा तोच प्रतिनिधी ठरला, तर भाडेकरू, स्थलांतरित कामगार आणि घरकाम करणाऱ्या स्त्रिया पुन्हा बाहेरच राहतील. प्रतिनिधींची निवड चिठ्ठ्या टाकून करावी, मुदत दोन वर्षांची ठेवावी आणि सभेच्या दिवसाचे मानधन द्यावे, असे मी सुचवते, कारण रोजंदारी बुडवून कोणी समितीवर येऊ शकत नाही.

करांविषयी माझे मत वेगळे आहे. खासगी आणि प्रचंड निधी बाळगणाऱ्या विद्यापीठांना ते म्हणणे लागू आहे, आणि त्यांनी आपला वाटा दिलाच पाहिजे. परंतु बहुसंख्य सार्वजनिक विद्यापीठे स्वतःच सरकारी अनुदानावर चालतात. त्यांच्याकडून कर घेणे म्हणजे एका सार्वजनिक खिशातून काढून दुसऱ्यात टाकणे होय. खरेदीचे कलम मात्र सर्वांनाच लागू करता येईल.

प्रतिसाद : कार्यकर्ती

चिठ्ठ्यांची पद्धत मला चालेल, पण दोन वर्षे कमी आहेत. पहिले वर्ष कागद समजून घेण्यातच जाते, आणि तोवर दुसऱ्या बाजूला बसलेला अधिकारी व प्राध्यापक त्याच कामात मुरलेले असतात. मुदत चार वर्षांची करून दर दोन वर्षांनी निम्मे सदस्य बदलावेत. आणि मसुदा लोकांच्या भाषेत लिहिलेला हवा. इंग्रजीतला करार आणि त्याचा तोंडी सारांश यांवर वस्तीतल्या कोणीही सही करू नये, असे मी आमच्या बैठकांमध्ये सांगत आले आहे आणि यापुढेही सांगेन.

प्रतिसाद : सार्वजनिक आरोग्याचा संशोधक

कार्यकर्तीच्या मुद्द्यामुळे माझा विरोध थोडा सौम्य झाला आहे. सत्ता आणि विद्यापीठ यांच्यामध्ये बोलू शकणारा तिसरा पक्ष असेल, तर अहवाल दडपणे अवघड होईल, हे मला पटते. तरीही प्रकाशनाच्या कलमावर मी अडून राहणार आहे, कारण प्रस्तावात ते अपुरे आहे. स्थानिक संस्थेला आधी वाचायला द्यायचे म्हणजे किती दिवस, आणि तिने उत्तरच दिले नाही तर काय, हे त्यात नाही. उत्तर न देणे हा विलंबाचा सर्वांत सोपा मार्ग आहे आणि त्याची नोंदही कुठे राहत नाही.

माझी मागणी अशी : तीस दिवसांची मुदत असावी, ती संपली की संमती गृहीत धरून अहवाल प्रसिद्ध करण्याचा अधिकार विद्यापीठाला आपोआप मिळावा, आणि आरोग्याला तातडीचा धोका असल्याचे आढळले, तर ही मुदतही लागू होऊ नये, माहिती त्याच दिवशी रहिवाशांना दिली जावी. घरनिहाय नोंदींमधील नावे व पत्ते वगळण्याची जबाबदारी विद्यापीठाची राहील, पण गोपनीयतेचे कारण पुढे करून वस्तीनिहाय आकडे रोखता येणार नाहीत. ज्या पदाचा पगार दोन्ही संस्था देणार आहेत, त्या पदावरील व्यक्तीला अशा प्रकाशनामुळे काढून टाकता येणार नाही, हेही लिहावे लागेल. ही चार वाक्ये करारात आली, तर मी त्याच्या बाजूने मत देईन. यांतले एकही गळाले, तर माझे मत विरोधातच राहील.